उणे पंचवीसमधली वीस मिनिटं

फ्रीजरमध्ये बर्फ साचतो ना, तसेच आमच्या गोदामाचे किस्से साचलेत. अधूनमधून खरवडावे लागतात. मी सिंगापुरातल्या एका कोल्ड स्टोअरची सेफ्टी ऑफिसर होते. बाहेर बत्तीस डिग्री, आत उणे पंचवीस. मासळी, मटार, आइस्क्रीम आणि आम्ही!

*

पासिर रिसच्या फ्लॅटमधून मी भर उन्हात पिशवीत लोकरीचे मोजे घेऊन निघायचे, वर एक कोरडी जोडी जादा. घामाने ओला झालेला मोजा त्या थंडीत फार वाईट. लिफ्टमधली शेजारीण हसायची आणि माझा मुलगा मान खाली घालून सिंगापुरी सुरात म्हणायचा, "ममा, सिंगापूर नो विंटर, लाह."

तुझ्या ताटातल्या फिश फिंगरला विचार म्हटलं.

*

टॅन अंकल फोर्कलिफ्ट चालवायचे. साठीचे, जेमतेम बोलणारे. कॅन्टीनमध्ये घामाच्या धारा लागल्या तरी त्यांच्या डाव्या हातातला जाड हातमोजा निघत नसे. एकदा मी विचारलंच, अंकल, उकडत नाही का?

उकडतं, म्हणाले, आणि उजव्या हाताने बिस्किट कॉफीत बुडवलं.

*

अकाउंट्सचे जोशी स्टॉक मोजायला आत गेले. आत पेनची शाई गोठते, म्हणून पेन्सिल दिली होती. हातमोजेही दिले होते. पण पान उलटायचं तर जोशींना बोटाला थुंकी लागतेच! हातमोजा काढून, बोट ओलं करकरून त्यांनी अख्खी वही उलटली.

बाहेर आले तेव्हा बोटाचं टोक मेणासारखं पांढरं आणि टणक. "मघाशी ठणकत होतं. आता काहीच नाही, बरं वाटतंय."

हा फ्रॉस्टबाइट, थंडीने मांस गोठणं. दुखायचं थांबलं म्हणजे बोट जायला निघालं!

आमचे साहेब, परांजपे, धावत आले आणि ते बोट खसाखसा चोळायला लागले. सगळ्यांसमोर मी साहेबांचा हात झटकला. चोळायचं नाही, हीटरवर धरायचं नाही, म्हणून ओरडले. जोशींची अंगठी उतरवली आणि बोट कोमट पाण्यात बुडवलं. थोड्या वेळाने ते कळवळून रडायला लागले.

"रडा जोशी. रडणारं बोट जिवंत असतं," म्हटलं, आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. बोट वाचलं. साहेब मात्र ते झटकणं विसरले नाहीत.

*

आमचा नियम सरळ होता. वीस मिनिटं आत, मग बाहेर येऊन ऊब घ्यायची. सणांच्या ऑर्डरींचा सीझन आला तसं साहेबांनी वीसचे पंचेचाळीस केले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. सही माझी लागणार होती. नाही केली तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे राहायचा परवानाच, आणि मुलाला शाळेतून काढून पुण्याला परत.

नवरा म्हणाला, कर की सही, सगळेच करतात. माझं डोकंच फिरलं. आधी तू पंचेचाळीस मिनिटं मटारांत बसून ये, म्हटलं.

*

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मी बिनसहीचा कागद हातात घेऊन उभी होते. सही करणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगून झालं होतं.

साहेब हसत म्हणाले, "मॅडमना सिंगापुरात फ्रॉस्टबाइटची भीती वाटते. जोशींचं बोट तर वाचलं. इथे कुणाचं बोट कधी गेलंय? हात वर करा."

कुणी हललं नाही.

मग मागच्या टेबलावर टॅन अंकलनी कॉफीचा कप खाली ठेवला, डावा हातमोजा ओढून काढला आणि हात वर केला.

अंगठा आणि दोन बोटं, एवढंच उरलेलं. साहेबांनी मान खाली घातली, तरी अंकलनी तो हात खाली घेतला नाही.