तुमच्याबद्दल कोणाशी बोलू?

नसीम आपा वारल्या, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला मी गेले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ रशीदभाई दारातच उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावत होते. मला त्यांनी या म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "तूने बता दिया, और उसने छोड़ दिया." मी आत जाऊन बायकांत बसले, जेवले, उठले. यवतमाळच्या बसस्टँडवर येऊन पुसदची गाडी धरली, आणि वाटभर ते एकच वाक्य कानात घुमत राहिलं. अजून घुमतंय. म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहून काही निघेल की नाही, ठाऊक नाही...

आपांशी माझी ओळख ओमानमधली. आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली, हे मी कोणी न विचारता सांगते, आणि सांगत राहीन. नर्सिंगची पदवी हातात आली, तेव्हा कापसानं आमच्या भागाची कंबर मोडली होती. इथल्या पगारात भावंडांची शिक्षणं होणार नव्हती. तिकडे एका आरोग्य पाहणीसाठी भारतीय नर्सेस हव्या होत्या, मी अर्ज टाकला. विमानतळावर घ्यायला आलेली बुटकी, जाड चष्म्याची बाई माझी बॅग उचलत म्हणाली, "पुसदची नं तू? मी यवतमाळची. चल, ठेचा आनला का?" मी तिथंच रडले. आपा बरीच वर्षं तिथल्या इस्पितळात होत्या, अरबी फाडफाड बोलायच्या. सगळ्यांना वाटायचं, मुसलमान आहेत म्हणजे अरबांचं सगळं त्यांना जन्मतःच माहीत. त्यावर त्या हसत. "मले काय ठाऊक होतं? पहिल्या घरी गेली तं चप्पल घालून गालिच्यावर चढली मी. नमाज सारखी हाय म्हणून घर सारखं असते का?"

पाहणी होती कॅन्सरच्या पेशंट बायकांची. घरी जाऊन विचारायचं: दुखणं कधी लक्षात आलं, दवाखान्यात कोण नेतं, उशीर का झाला. आमचे प्रमुख डॉक्टर दिल्लीकडचे, हुशार आणि शिस्तीचे. प्रश्न त्यांनीच काढलेले, आणि पहिलाच प्रश्न असा: तुम्हाला कॅन्सर झाल्याचं कधी कळलं? पहिलं घर उम्म सालिमचं. म्हणजे सालिमची आई. तिथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, नाव घेत नाहीत. ते मला शिकवावं लागलं नाही, आमच्याकडेही 'रम्याची माय' म्हटल्याशिवाय हाक पुरी होत नाही. खजुराचं ताट आलं, मी पाठ केलेला अरबी प्रश्न काढला, तोंड उघडलं... आणि आपांनी माझ्या तोंडात खजूर कोंबला. मग दुसरा. घरच्या सुना खुदकन हसल्या. मला राग आला, पण तोंड भरलेलं.

बाहेर आल्यावर आपांनी सांगितलं. सालिमनं आधी फोनवर विनवलं होतं की आईपुढे दुखण्याचं नाव काढू नका, तिला माहीत नाही. "आता तू पहिल्याच फटक्यात नाव घेतलं असतं, तं त्या घराचं काय झालं असतं?" आपा म्हणाल्या. त्यावर मी त्यांना गावचं सांगितलं. त्या वर्षांत आमच्याकडे दर आठवड्याला एखादी जीप यायची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची पाहणी करणाऱ्यांची. नवरा गेलेल्या शेजारच्या काकूंच्या ओसरीवर एका शिकल्यासवरल्या मुलीनं बसल्या बसल्या विचारलं होतं, "मृताचं वय?" काकू उठल्या, आत जाऊन भाकरी थापू लागल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. मुलगी लिहून गेली, माहिती देण्यास नकार.  आपा म्हणाल्या, "तुले तं ठाऊकच हाय मंग. मी कायले खजूर वाया घालवून राह्यली?"

डॉक्टरांना मात्र हे पटेना. प्रश्नांचा क्रम बदलला तर सगळी पाहणी बिघडेल, हे त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्या जागी तेही खरं होतं. आपा म्हणाल्या, "साहेब, प्रश्न तुमचे, पण घर त्याइचं हाय. एकदा चला तं खरं." डॉक्टर आले. त्यांना पुरुषांच्या बैठकीत बसवलं, आम्ही आत. तिकडे कॉफीचा छोटा, बिनकानाचा कप असतो. घोटभर ओततात. रिकामा कप नुसता पुढे केला की पुन्हा भरतात. पुरे झालं तर कप हातात हलवून परत द्यायचा. डॉक्टरांना हे कोणी सांगितलंच नाही. ते सभ्यपणानं कप रिकामा करत, सालिम सभ्यपणानं भरत. आम्ही बाहेर आलो तर डॉक्टरांचे डोळे तारवटलेले. गाडीत म्हणाले, "सिस्टर, वो लोग रुकते क्यों नहीं?" आपा म्हणाल्या, "आपने रोका ही नहीं साहब. घरवाल्याले इचारा लागते नं, कसं थांबवाचं."  पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न बदलला होता. तो आपांचा होता: तुमच्या तब्येतीबद्दल कोणाशी बोलू?

आपांनी उम्म सालिमला तो विचारला तेव्हा मी शेजारी होते. म्हातारीनं दाराकडे हात केला. "मुलाशी बोल. ते ओझं त्याचं. मला एवढंच सांग, यंदाचा खजूर उतरलेला मी बघेन का?" आपा म्हणाल्या, ते अल्लालाच ठाऊक. म्हातारी हसली. "ते मलाही ठाऊक आहे गं, मी तुला विचारलं." मग दुखण्याचं नाव न घेता तिनं सगळं सांगितलं, अगदी सगळं. परतताना मी शहाणपणानं म्हणाले, "म्हणजे अरब लोकांत पेशंटला सांगायचं नसतं." आपांनी मला कोपर मारलं. "एक म्हातारी म्हन्ली तं साऱ्या अरबाइचं झालं का व? उद्या म्हनशीन, यवतमाळात सारे ठेचाच खातात. दर घरी इचाराचं. दर बाईले." आणि पुढच्याच घरी एका शाळामास्तरणीनं नवऱ्याला बाहेर बसवलं आणि म्हणाली, जे आहे ते मला सांगा, यांना झेपायचं नाही.

आम्ही दोघी मागंपुढं परतलो. मी पुसदला, आपा यवतमाळला रशीदभाईंच्या घरी. आपांनी लग्न केलं नाही. ते घर त्यांनी बांधलं, भाच्यांना शिकवलं. वरची खोली त्यांची. मी गेले की त्या तिकडची वेलचीची कॉफी करायच्या.

गेल्या वर्षी त्या वाळू लागल्या. नागपूरचे रिपोर्ट आले, आणि मी भेटायला गेले तर रशीदभाईंनी मला फाटकातच गाठलं. "आपा को मत बताना. अल्सर बोला है हमने."  मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर गेले. आपा उशीला टेकून बसल्या होत्या. कॉफी मीच केली. इकडचंतिकडचं बोललो. पण त्यांची नजर माझ्या तोंडावरून हटेना, आणि मला कळेना कुठं बघावं. शेवटी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "आपा, तुमच्याबद्दल कोणाशी बोलू?"

"माह्याशी," त्या म्हणाल्या. जणू वाटच बघत होत्या. "माह्याबद्दल माह्याशी नाई बोलशीन तं कोणाशी?"

मी दुखण्याचं नाव घेतलं. त्यांनी रिकामा कप नुसता पुढे केला. मी ओतलं. "कुठवर पसरलं?" सांगितलं. पुन्हा कप पुढे. नर्सच ती, आडून काही विचारत नव्हती, आणि मला थांबू देत नव्हती. खाली रशीदभाईंच्या पावलांचा आवाज येत होता, अंगणात इकडून तिकडे... मग कधीतरी आपांनी कप हलवला आणि माझ्या हातात दिला.

पुढचं रशीदभाई म्हणतात तसंच झालं. आपांनी उपचारांसाठी नागपूरला जाणं बंद केलं. गच्चीवर उन्हात बसू लागल्या, फोन लावून तिकडच्या बायकांशी तास तास अरबीत बोलायच्या, हसायच्या. हे सुख होतं की हार, मी कसं सांगू? त्या लढल्या असत्या तर आणखी किती राहिल्या असत्या, हा प्रश्न मलाही झोपू देत नाही. पण त्यांनी विचारलं होतं. आणि दर बाईला विचारायचं, हे ज्यांनी शिकवलं त्यांनाच मी गोलगोल उत्तर दिलं असतं, तर...

मागच्या रविवारी रशीदभाईंच्या सूनबाईनं एक डबा पाठवला. आत जुन्या कापडात गुंडाळलेले आपांचे कप. निरोप नाही. राग ओसरला म्हणून पाठवले की खोली रिकामी करायची म्हणून, कळायला मार्ग नाही. मी ते धुऊन ओट्यावर पालथे घातले आहेत. रशीदभाई, तुम्ही हा पेपर वाचता, हे मला माहीत आहे. एकदा पुसदला या. कॉफी मी करीन. बोलायचं नसेल तर बोलू नका, रागवायचं असेल तर पोटभर रागवा. तुम्ही कप पुढे कराल तोवर मी ओतत राहीन. पुरे झालं, की हलवून द्या.