हळू धडकणारे रेणू

पीएच.डी. सोडायची, असं मनाशी ठरवूनच मी दिघीला घरी आले होते. माझी थोरली बहीण आगरदांड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून जाते. दुसऱ्या दिवशी तिने मलाही सोबत ओढलं. बोटीत कठड्याला टेकून म्हणाली, "नक्की काय बिघडलंय? मराठीत सांग, माझ्या वर्गाला सांगतेस असं."

मी सांगितलं. हवा काढून टाकलेल्या पोलादी पेटीत आम्ही रेणूंचे दोन झोत एकमेकांना आडवे सोडतो. ते छेदतात तिथे थोडे रेणू धडकतात. त्यातला एक आधीच थरथरत असतो. धडकेत तो आपली किती ऊर्जा दुसऱ्याला देतो, ते मोजायचं. झोतात हेलियम मिसळला की रेणू वेगात जातात, आरगॉन मिसळला की हळू.

"म्हणजे धडक जोराची, तर ऊर्जा जास्त देणार," ताई म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण वेग वाढवला की उलट कमी होतं. पंप, झडपा, लेझर, सगळं तपासून झालं. कुठे दोष नाही."

"अगं, मग का होत असेल?"

"वेगात असले की ते एकमेकांजवळ..." मी शब्द शोधत होते, "...थांबतच नाहीत. द्यायला वेळच मिळत नाही."

बोलता बोलता मी दोन्ही मुठी एकमेकींजवळून हळूच सरकवून पाहिल्या. जिला इतके दिवस चूक समजत होते, ती खरी नोंद असू शकेल, हे तोवर मनात आलंच नव्हतं.

"काय गं?"

"आणखी हळू धडकवून बघायला हवं, ताई."

"मग बघ की! इथे कशाला बसलीस?"

प्रयोगशाळेत परत गेले, हेलियमऐवजी आरगॉन लावला. हळू धडकणारे रेणू आपसातल्या आकर्षणाने क्षणभर एकत्र राहत होते आणि ऊर्जा भरपूर देत होते. मग हेलियम मिसळत वेग वाढवला तशी ती घटत गेली. फारच वाढवला तेव्हा धडकेच्या नुसत्या हादऱ्याने पुन्हा चढली. आलेख पाहून माझे मार्गदर्शक सर एवढंच म्हणाले, "आता लिहायला बस."

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी ताई मांडव्याहून बोटीने शहरात आली, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. परीक्षा पार पडल्यावर मी तिचे आभार मानायला लागले, तर म्हणाली, "मी काय केलं? नुसतं विचारलं." मी भाकऱ्या टेबलावर मांडल्या. सगळी प्रयोगशाळा टेबलाभोवती जेवायला बसली, आणि सरांनी दुसरी भाकरी मागून घेतली.