इंजिनाचा एकोणिसावा तास

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या डॉक्टरांना नाही — आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे जरा सोपं जातंय, एवढंच.

मी चंद्रपूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लहानपणापासून मला एक खोड आहे. एखादी गोष्ट अशी का, हे स्वतः करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मिक्सर खोलून बघ, शेजारच्यांचा रेडिओ खोलून बघ. आई म्हणायची, ही पोरगी एक दिवस घर पेटवणार. घर नाही पेटलं. पण — थांबा, आधी गाडीचं सांगते.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे मिस्टर, लहान मुलांचे डॉक्टर आहेत. साधा, पापभीरू माणूस. पण पंचेचाळिशी उलटली आणि त्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, परदेशी बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेऊन आले. लाल. मागे बसायला जागा नाही, डिकीत भाजीच्या दोन पिशव्या कशाबशा मावायच्या. गिअर हातानं टाकायचे, कारण त्याशिवाय मजा नाही म्हणे. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पहिले पंधराशे किलोमीटर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा चार हजारांच्या वर न्यायचा नाही.

मग काय, वारलूभाऊंना बोलावलं. तेव्हा आमच्याकडे तसंच चालायचं. वारलूभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, सगळा जन्म सिरोंच्याच्या रूटवर गेलेला. त्यांचा पाय हलका. कोणी डॉक्टर असो की कोळशाचा ठेकेदार, भारी गाडी घेतली की पहिले पंधराशे किलोमीटर तिला वारलूभाऊंच्या हाती द्यायचे. गाडी थंड असताना पळवायची नाही, एकाच वेगात फार वेळ ठेवायची नाही, वरच्या गिअरमध्ये ओढत चढवायची नाही. आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत — कुठून कुठे, किती वाजता निघालो, किती वाजता थांबलो, काटा कुठवर गेला. गाडी विकताना ती वही गाडीबरोबर जायची. जुनी गाडी घेणारे लोक विचारायचे, वारलूची वही आहे का?

मी त्यांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. का नाही पळवायची? त्यांनी समजावलं, पिस्टनच्या रिंगा नव्या, सिलिंडरची भिंत नवी, दोन्ही एकमेकींवर घासून बसायला वेळ लागतो. पण मी तर उलटंही वाचलं होतं. काही लोक म्हणतात, सुरुवातीलाच इंजिनावर चांगला जोर द्या, तरच रिंगा नीट बसतात. मग खरं काय? भाऊ हसले. म्हणाले, "मी माह्या गाडीवर कधी करून पायलं नाई, बाई. मंग लोकायच्या गाडीवर कसा करू?"

हे उत्तर तेव्हा मला फार आवडलं होतं. बघा, आवडलं होतं आणि तरीही —

फेब्रुवारीत गडचिरोलीला प्रात्यक्षिक परीक्षेची परीक्षक म्हणून मला जायचं होतं. भाऊ म्हणाले, चला, गाडीचेही किलोमीटर होतील. येताना मुद्दाम लांबून आलो, चामोर्शी, आष्टी करत गोंडपिपरीला. तिथं त्यांची लेक दिलेली. तिनं जेवायचा आग्रह केला. माझं पोट परीक्षेच्या नाश्त्यानंच भरलेलं. मी म्हटलं, तुम्ही जेवा, मी जरा गाडी फिरवून आणते. भाऊंनी चावी दिली. का नाही देणार? गाडी माझ्याच घरची.

गावाबाहेर पडलं की कोठारीच्या अंगाला जंगलातून सरळ रस्ता आहे. दुपारची वेळ, समोर कोणी नाही, सागाची वाळली पानं रस्त्यावर उडतायत. मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. चार हजार. पाच. आवाज बदलत गेला, आणि मला तो पुढे कसा होतो ते ऐकायचं होतं. एवढंच. वेगाची हौस नव्हती, खरंच. तिसरा टाकला, काटा धोक्याच्या लाल रेघेपर्यंत. मग चौथा टाकायला गेले आणि घाईत हात चुकला. दुसरा पडला.

इंजिन किंचाळलं. दुसरा शब्दच नाही. मागची चाकं घसरली, गाडी वाकडी झाली, काटा लाल रेघेच्या पार पलीकडे. मी क्लच दाबून कशीबशी गाडी थांबवली.  आणि खरं सांगू? तेव्हाही डोक्यात एकच — काटा कुठवर गेला असेल?

परत आले. भाऊ हात धुऊन बाहेर उभे होते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, मागच्या टायरांकडे पाहिलं. विचारलं, कशी चालली? मी म्हटलं, हळूच नेली, तीन हजारांच्या आत. त्यांनी वही काढली, तुमचं नाव टाकू का म्हणाले. मी म्हटलं, पाच-सात किलोमीटरचं काय लिहायचं! पण त्यांच्या वहीत खंड कधी नसायचा. त्यांनी पुन्हा एकदा टायरांकडे पाहिलं आणि लिहिलं, गोंडपिपरी, कोठारी रस्ता, काटा तीन हजार, चालक वारलू. माझं खोटं त्यांच्या अक्षरात गेलं. मी बघत होते.

चार वर्षं ती गाडी छान चालली. मग डॉक्टरांची कंबर धरायला लागली, आणि गाडी विकायची ठरली. नागपूरचा एक तरुण आर्किटेक्ट घ्यायला आला, गाड्यांचा वेडा. सुरुवातीचा इतिहास विचारायचा म्हणून डॉक्टरांनी वारलूभाऊंनाही बोलावून घेतलं. त्या मुलानं गाडीला लॅपटॉप जोडला. आणि तेव्हा मला कळलं की असल्या गाडीचा कॉम्प्युटर सगळं लक्षात ठेवतो. इंजिन मर्यादेबाहेर फिरलं तर किती फिरलं, आणि इंजिनाच्या आयुष्याच्या कितव्या तासाला. मी फिजिक्स शिकवते, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या क्षणी मला भीती नाही वाटली. मी आकडा बघायला पुढे वाकले.

एकोणिसावा तास, तो मुलगा म्हणाला. तेव्हा गाडी कोणाकडे होती? डॉक्टरांनी वही माझ्याकडे सरकवली, ही करेल बेरीज. मी वेळा मिळवत गेले. सोळा, सतरा, अठरा. पुढची ओळ कुठली, ते मला न बघताच माहीत होतं. तरी मी ती वाचली. मोठ्यानं. चालक वारलू.

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे. रागानं नाही हो, रागानं असतं तर बरं झालं असतं. ते थांबले होते. वर्गात प्रश्न विचारला की मीही अशीच थांबते, पोराला उत्तर येतं हे मला माहीत असतं तेव्हा.

आणि मी काय केलं? शिकवायला लागले. वरचा गिअर टाकताना खालचा पडला तर चाकं इंजिनाला कशी ओढतात, इंजिनाला मर्यादेत ठेवणारा लिमिटर तिथं का उपयोगी पडत नाही, सगळं अगदी मुद्देसूद. तो मुलगा मान डोलावत होता. शेवटी म्हटलं, "वय झालं की हात चुकतो एखाद्याचा." एवढं कोणी मागितलंही नव्हतं.

भाऊंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "वही माह्या हातची हाय, साहेब. लिहिलं थे माह्यंच." आणि चपला घालून निघाले. डॉक्टर भला माणूस, फाटकापर्यंत मागे गेले, म्हणाले, भाऊ, होते चूक, मनाला लावून घेऊ नका. माझ्या चुकीची माफी त्यांना मिळाली.

गंमत बघा, इंजिनाला काहीही झालं नव्हतं. नागपूरला तपासलं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उत्तम. मुलानं गाडी घेतली. पण गाडीवेड्यांच्या ग्रुपवर त्यानं सगळी हकीकत लिहिली, जुनी गाडी घेताना वहीवर विसंबू नका म्हणून, वारलूभाऊंच्या नावासकट. मग चंद्रपुरात त्यांना कोणी नवी गाडी दिली नाही. एकानंही नाही. वर्षभरानं ते गोंडपिपरीला लेकीकडे राहायला गेले.

मागच्या महिन्यात मी कॉलेजला जायला छोटी गाडी घेतली. भाऊंना फोन मीच लावला. ठरवलं होतं, आधी कबूल करायचं, मग गाडीचं विचारायचं. विचारलं गाडीचंच. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता थे काम सुटलं माहं, बाई." आणि पुढे म्हणाले, "टायर पायलं तवाच समजलं होतं मले. वाटलं होतं, तुमी सांगसान."

तिकडे जंगलात रेंज जाते येते, हे सगळ्यांना माहीत आहे. मी दोनदा हॅलो हॅलो म्हटलं, आवाज येत नाही भाऊ, म्हटलं, आणि फोन ठेवला.

आवाज चांगला येत होता.