लाल डोळा

आज पक्ष्यांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, ‘हा कोतवालच ना?’ मी आधी फोटोतल्या पक्ष्याचा डोळा मोठा करून पाहिला आणि अंजूरच्या शाळेतली दुपार आठवली.

स्टाफरूममध्ये मी नव्या कॅमेऱ्यातला फोटो ‘काळा कोतवाल’ म्हणून मिरवत होतो. चहा घेऊन आलेल्या वनिताबाई वाकून म्हणाल्या, “यो आपला कोतवाल न्हाय, सर. डोला बघा, लाल हाय. यो थंडीतला पाव्हना.”

पुस्तकं माझी, कॅमेरा माझा आणि ओळखलं हिने! माझा नुसता जळफळाट झाला.

“फ्लॅशमुळे दिसतो तसा, बाई.”

सगळे हसले. त्या रिकामे कप उचलून गेल्या. फ्लॅश मी मारलाच नव्हता.

आज ग्रुपवर लिहिलं, ‘डोळा लाल आहे. राखी कोतवाल.’

‘सर, हे कुठे शिकलात?’

‘पुस्तकात,’ मी लिहिलं.