माझ्या जागी कौलाला बसलेली

मन डळमळलं की माणूस देवाला जास्तच प्रश्न विचारतो. माझंही तसंच झालं. आमच्या वेवजीला शेतात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला लागले की त्या धुराने माझ्या मुलीचा दमा उसळतो. २०१६ साली तो पंपानेही आवरेना. तलासरीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या स्टेरॉइडच्या आहेत हे कळताच सासूबाई हबकल्या. "शेजारणीने गुडघ्यासाठी मनानेच वर्षभर खाल्ल्या. तोंड कसं सुजलं, बघितलंस ना?" माझाही धीर सुटला. गोळी देववेना आणि पोरीची धाप बघवेना. सकाळभर नुसती आत-बाहेर करत राहिले.

शेवटी सासूबाईंच्या सांगण्यावरून पोरीला घेऊन गावदेवीला कौल लावायला गेले. पाषाणाला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर गोळी द्यायची, डावं पडलं तर नाही. हात जोडले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एकही फूल हलेना. खरं सांगते, मला देवीचा रागच आला.

जवळच एक अनोळखी बाई बसली होती. गुजरातच्या बाजूने नवस फेडायला आलेली असावी. ती एकदम म्हणाली, "बेन, पोरीचा गळा बघ ने. श्वास घेते तर खड्डा पडतो. माझ्या भावाला पण असंच व्हायचं. दवाखान्यात ने."

"पण कौल लावलाय..."

"कौलाला मी बसते. देवी काय पळून जाते?"

तिने मला हाताला धरून उठवलं आणि माझ्या जागेवर बसली. मी रिक्षा गाठली.

डॉक्टरांनी वाफ दिली, गोळी दिली आणि मला झापलं. "श्वासनळ्या आतून सुजल्यात. ती सूज या गोळीने उतरते. पाचही दिवस द्यायची, पुन्हा मनाने द्यायची नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी पोर पानावर बसली आणि म्हणाली, "आई, अजून भात वाढ." मला रडूच फुटलं. सासूबाईंनीच तिला भात वाढला.

ती बाई पुन्हा कधी भेटली नाही. ती कोण होती, यावर मी डोकं चालवत नाही. शरण जाणं म्हणजे निर्णय देवावर ढकलणं, असं मी समजत होते. आता देवीसमोर बसते तेव्हा काही विचारत नाही. पोरीला औषध देऊन मगच देवळात जाते.