शेजाऱ्यांचा रविवार

निपाणीतल्या आमच्या चर्चमध्ये माणसं कमी होत चाललीत आणि किस्से वाढत चाललेत. माणसं कोल्हापूर-पुण्याला निघून जातात. किस्से कुठं जाणार? साठतात इथंच, कमिटीतल्या म्हाताऱ्यांसारखे!

आता हेच बघा. पाळकसाहेबांनी ‘शेजाऱ्यांचा रविवार’ काढला. आजूबाजूच्या लोकांना उपासनेला बोलवायचं. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, “आपल्या भिंतीला लागून कोण राहतं?”

कुणालाच ठाऊक न्हाय. जन्म गेलाय यांचा त्या भिंतीआड!

मी म्हणालो, “शांताक्का. विड्या वळती. यंदा तिचा पोरगा वारला.”

अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते आणि चर्चचे सेक्रेटरी, म्हणाले, “कॉलेज सोडलेल्यांनी मीटिंगमध्ये बोलू नये.”

मग शेजाऱ्यांची माहिती काढायला उपसमिती नेमली.

*

आमंत्रणाची कार्डं इंग्रजीत छापली. “स्टँडर्ड दिसाय पाहिजे,” इति अण्णा.

शांताक्कानं तंबाखूचे हात पदराला पुसून कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं. “लगीन कुणाचं रं?”

मी सगळं सांगितलं.

“मला आत बसू देतील व्हय?”

“बोलावलंय की आक्का.”

“बोलावत्यात सगळेच. बसू देतील काय, ते इचारलं.”

*

नाश्त्याचं ठरलं. पाहुण्यांना कागदी प्लेटा, आपल्या लोकांना स्टीलच्या.

“असं का?” मी विचारलं.

“त्यांना धुवायला लागू नये म्हणून!” अण्णा म्हणाले.

याच अण्णांच्या आजोबांना गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे. अण्णा ते दरवर्षी चर्चमध्ये सांगतात. डोळे पुसत!

*

रविवारी शेजारी आला एकच. शांताक्का.

ती काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, बाकाशी गेली. काकूंनी शेजारी पर्स ठेवली. “इथं येतायत कोणतरी.”

कोणी आलं न्हाय. उपासना संपेपर्यंत त्या जागेवर पर्सच बसली. शांताक्का मागं माझ्याजवळ बसली, अगदी कडेला, कधीही उठवतील अशी.

*

नवीन माणसाला पुढं उभं करायचं, नाव आणि येण्याचं कारण विचारायचं, मग सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवायच्या, ही आमच्यातली रीत. मी अण्णांना आधीच म्हणालो होतो, “तिला उभं करू नका.”

“स्वागत नको व्हय रं तिचं?”

आणि माइकवरून पुकारलं.

शांताक्का पदर सावरत पुढं गेली. माइककडं न बघता खिडकीकडं बघत बोलली.

“माझा राजू वखारीतनं सुटला की तुमच्या भिंतीला टेकून बसायचा. गाणी ऐकायला. आत ये म्हणलं न्हाय कुणी, मग भाईरच बसायचा. आता गेला त्यो. म्हणलं, आतनं कसं ऐकू येतंय बघावं.”

अण्णांनी हात वर करून इशारा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शांताक्कानं इकडंतिकडं बघितलं. मग तीही वाजवायला लागली.