बोकडाच्या कानावरचे सहा डाग

१९९९ सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, निरगुडसरच्या आमच्या घरी बोकडाचे चार कान आले. ते भाजलेले होते.

कान बहिणीने मागवले होते. तिला पुण्याच्या एका कॉलेजात संशोधनाला लागायचं होतं. विषय होता, भाजल्यावर कातडीतल्या पेशींचं काय होतं. तिच्या सरांकडे जागा एक होती आणि विद्यार्थी दोन. सरांनी दोघांना सांगितलं होतं की मेलेल्या जनावराच्या कातडीवर सहा डाग द्या, सहाही सारख्या खोलीचे, आणि मंगळवारी आणून दाखवा. ज्याचे सारखे, त्याची जागा. जखमाच वेगवेगळ्या असल्या तर कोणत्या औषधाने गुण आला हे सांगता येत नाही, असं त्यामागचं कारण तिने आईला दोनदा समजावलं होतं. आईने दोन्ही वेळा विचारलं होतं, "मेलेल्याला औषध कशाला?"

खाटीक स्वतः पिशवी घेऊन आला होता. आमच्याकडे मुंडी-पाय जाळावर भाजून, खरवडून देणं हे चांगल्या खाटकाचं लक्षण मानतात. त्याने कानांनाही तोच मान दिला होता.

"ताई, तुमी म्हणलात भाजायला पाहिजेत. म्हणलं, तुमाला कशाला तरास."

"भाऊ, मला कच्चे पाहिजे होते."

"कच्चे घेऊन काय करणार?"

"भाजणार."

खाटकाने पिशवीत पाहिलं. "मग मी काय केलं?"

दुपारी शेजारच्या गावच्या जत्रेसाठी आणखी दोन बोकडं कापायची होती. त्यांचे चार कान त्याने साडेतीन वाजता आणून दिले, कच्चे, केसांसकट. मग तो ओट्यावर बसला. त्याला कानांचं काय होतं ते पाहायचं होतं.

बहिणीने वडिलांच्या रेझरने कान भादरले. वडील ते पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून ते न्हाव्याकडे जाऊ लागले. आईने जुना पोळपाट दिला, तो स्वयंपाकघरात परत आणायचा नाही या अटीवर. कांदा-लसूण तोलायला घरात तराजू होता. त्यातलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन उकळत्या पाण्यात टाकलं. ते चिमट्याने काढायचं, पुसायचं, कानावर दहा सेकंद टेकवायचं. घड्याळ माझ्याकडे होतं.

पहिल्या कानावर तीन डाग दिले आणि ब्लेडने उभे कापून पाहिले. भाजलेला थर एकात जाड होता, दुसऱ्यात जेमतेम. तिसरा डाग अर्धाच उमटला होता.

"एक करपली, एक कच्ची, एक अर्धी," आई म्हणाली. "सासरी भाकऱ्यांचं हेच करशील."

कान तीनच उरले होते.

"ताई, तुमी दाबताय," ओट्यावरून खाटीक म्हणाला.

"नाही दाबत."

"पयल्याला दाबलं. चिमटा वाकला व्हता. दुसऱ्याला उचलून धरलं. तिसऱ्याला एका बाजूनं."

"एवढं दिसतं तुम्हाला तिथून?"

"त्याला नाही दिसणार तर कुणाला दिसणार," वडील म्हणाले. "रोज तराजू त्याच्याच हातात."

खाटकाने चहाची बशी खाली ठेवली. "आण्णा, विषय निघालाच हाय तर सांगतो. नुसतं बोट टेकलं तरी लई फरक पडतो. मला म्हायती हाय."

त्याने खिशातून दोरा काढला, मुंड्या बांधायचा, आणि वजनाच्या वरच्या बोंडाला गुंडाळला. "दोऱ्यानं सोडा आन हात बाजूला घ्या. वजनाला आपलं आपण बसू द्या."

दुसऱ्या कानावर तीन डाग देऊन कापले. थर सारखे दिसले. उरलेल्या दोन कानांवर सहा डाग दिले. ते कापले नाहीत. कान बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवले. खाटीक निघताना म्हणाला, "सरांना सांगा, निरगुडसरात शिकले."

मंगळवारी सकाळच्या एसटीने बहीण पुण्याला गेली. मंचरला शेजारी बसलेल्या बाईने थर्मासमध्ये चहा आहे का असं विचारलं. बहिणीने नाही म्हणून सांगितलं. बाईने पुणं येईपर्यंत अबोला धरला.

सरांनी सहाही डाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जागा तिला दिली. तिच्या वहीत कृतीच्या पहिल्या ओळीत अजून लिहिलेलं आहे: वजन दोऱ्याने सोडावे, बोट लावू नये.

पुढच्या रविवारी वडिलांनी त्याच खाटकाकडून अर्धा किलो मटण आणलं. आईने ते घरच्या तराजूत टाकलं आणि समोर अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. मटणाचं पारडं वरच राहिलं.